उन्हाच्या शहरातले पाणी : चंद्रपूर कसे पाहावे?

१.
मे महिना उजाडला की चंद्रपूरचे नाव बातम्यांत येते. पारा ४७-४८ अंशांच्या घरात जातो आणि देशातल्या सर्वांत तप्त शहरांच्या यादीत ते वरच्या ओळीत झळकते. त्याच सुटीत महाराष्ट्रातला प्रवासी कोकण किनाऱ्याची वाट धरतो. चंद्रपूरला जो येतो, तो ताडोब्याच्या वाघासाठी. स्थानकावर उतरून तो थेट जंगलाच्या दाराशी पोहोचतो आणि पाचशे वर्षांचे एक तटबंद शहर न पाहताच परततो. हा धागा त्या शहराचा आणि त्याच्या भोवतालच्या चंद्रपूर-गडचिरोलीचा आहे.

२.
किनाऱ्यावरच्या शहरात काय पाहावे, हे सांगणे सोपे असते. समुद्र दिसतोच, बाकीचे त्याच्या काठाने सापडत जाते. चंद्रपूरला समुद्र नाही. पण येथील स्थळांची यादी नकाशावर मांडली, तर एक गोष्ट ध्यानात येते. कुंड, तलाव, नदीचे वळण, संगम, पुराला अडवणारा तट: जवळजवळ प्रत्येक स्थळ पाण्याशी बांधलेले आहे. एवढ्या उन्हाच्या प्रदेशात माणसाने पाणी कोठे शोधले, कसे साठवले आणि त्यावर हक्क कोणाचा मानला, याचा इतिहास म्हणजेच ही प्रेक्षणीय स्थळे. म्हणून हा प्रवास पाण्याच्या क्रमाने.

३.
आरंभ बल्लारपूरपासून. चांद्याच्या गोंड राजांची पहिली राजधानी शिरपूर, आजच्या तेलंगणात. तेथून ती वर्धा नदीच्या पूर्व तीरावर आली आणि खांडक्या बल्लाळशाह राजाच्या नावावरून त्या जागेला बल्लारपूर नाव मिळाले, अशी परंपरा आहे. नदीला लागून असलेल्या किल्ल्याचे तट आणि दरवाजे आजही उभे आहेत. वर्धेच्या पात्रातल्या खडकात एक देऊळ असून पावसाळ्याचे महिने ते पाण्याखाली असते, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये सापडते. किल्ला पाहताना नदीकडचा दरवाजा चुकवू नये. राजधानीचा पाठीराखा नदीच होती.

४.
राजधानी बल्लारपूरहून चंद्रपूरला का हलली? येथे इतिहास आणि आख्यायिका एकमेकींत मिसळतात. राजाच्या अंगावर गाठी आणि फोड होते, कोणताही उपचार लागू पडत नव्हता. शिकारीला गेला असता त्याला तहान लागली. झरपट नदीचे पात्र कोरडे पडले होते, पण एका खळग्यात थोडे पाणी होते. तो ते प्याला, त्याने हातपाय धुतले आणि रात्री फोड नाहीसे झाले. राणीने चौकशी केली. ती जागा उकरली तेव्हा खडकात गाईच्या पाच पावलांसारखे खळगे दिसले. त्यांतले पाणी उपसून संपत नव्हते.

५.
त्या जागी अचलेश्वराचे देऊळ झाले. आज स्थानिक बोलीत त्याला अंचलेश्वर म्हणतात. झरपटीच्या काठी, पूर्वेकडच्या दरवाजाजवळ ते आहे. भिंतींवरील शिल्पपट्ट निवांतपणे पाहण्यासारखे आहेत. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक भौगोलिक निरीक्षण उरते: नदी आटल्यावरही तिच्या पात्रात पाणी देणारी एक जागा लोकांना ठाऊक होती. उन्हाळ्यात टिकणारे पाणी सापडणे ही या भागात वस्ती हलवण्याइतकी मोठी घटना होती. आख्यायिकेने त्या घटनेला राजा, रोग आणि देव दिले.

६.
दुसरी आख्यायिका तटाची. शिकारीत राजाने पाहिले की कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करत आहे. ससा मोठे वर्तुळ घेत धावला आणि अखेर कुत्र्याने त्याला मारले. राणीने सुचवले की सशाच्या वाटेवरच तट उभारावा. पराक्रमी सशाची अशी कथा भारतात अनेक शहरांच्या स्थापनेशी जोडलेली आढळते. त्यामुळे ती शब्दशः घेण्याचे कारण नाही. मात्र तटाची रेषा खरोखरच सरळ चौकोनी नाही. ती वळत जाते, आणि त्या वळणांचे कारण जमिनीवर उभे राहिल्यावर कळते.

७.
शहराच्या पश्चिमेस इरई, पूर्वेस झरपट. दोन्ही नद्या दक्षिणेकडे एकमेकींना भेटतात आणि पुढे वर्धेला मिळतात. तट या दोन प्रवाहांच्या मधल्या उंचवट्याभोवती फिरतो. पावसाळ्यात वर्धा फुगली की इरईचे पाणी मागे सरकते आणि शहराच्या अंगावर येते. घडीव दगडांचा, पंधरा-वीस फूट उंचीचा हा परकोट शत्रूला थोपवण्यासाठी होता, तसाच तो या पाण्यालाही थोपवत आला आहे. तटावरून चालताना एका बाजूला घरांचे छत आणि दुसऱ्या बाजूला नदीचा सखल पट्टा दिसतो, तेव्हा हे दुहेरी काम स्पष्ट होते.

८.
परकोटाला चार दरवाजे: उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा, पश्चिमेस बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे: हनुमान, विठोबा, चोर, मसान आणि बगड. नावांतूनच वापर कळतो. मसान खिडकीतून अंत्ययात्रा नदीकाठच्या स्मशानाकडे जात. बिनबा दरवाजातून बाहेर पडले की इरईकडची वाट लागते. प्रत्येक दरवाजावर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे शिल्प आहे. ते गोंड राजचिन्ह. एका पायाखाली हत्ती दाबून उभा असलेला हा सिंह शहरातल्या अनेक इमारतींवर पुन्हा भेटतो.

९.
हा तट एका राजाने बांधून पूर्ण केला नाही. परंपरेनुसार आखणी खांडक्या बल्लाळशाहाची, दरवाजे आणि बालेकिल्ला हीरशाहाचा आणि परकोटाची पूर्तता पुढे धुंड्या रामशाहाच्या काळात. म्हणजे किमान शंभर वर्षांचे काम. येथे एक सावधगिरी हवी. या राजांच्या कारकिर्दींची जी सनावळी आज सर्वत्र छापली जाते, ती मुख्यतः मेजर लूसी स्मिथ याने १८६९ च्या जमीन महसूल अहवालासाठी जमवलेल्या स्थानिक आठवणी आणि वंशावळींवर उभी आहे. ‘पंधराव्या शतकाच्या अखेरीस’ म्हणणे चालेल. नेमके वर्ष छातीठोकपणे सांगणे धाडसाचे ठरेल.

१०.
समकालीन म्हणावा असा पुरावा अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त मिळतो. चांद्याच्या गोंड राजाजवळ १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ असल्याचे त्यात म्हटले आहे. आकडे फुगवलेले असू शकतात, पण प्रमाण बोलके आहे. घोडदळ अगदी थोडे आणि पायदळ प्रचंड, हे जंगलातल्या राज्याचे सैन्य. त्याच ग्रंथात बैरागढच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख येतो. बैरागढ म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले आरमोरी तालुक्यातील वैरागड. तेथला भुईकोट किल्ला आजही पाहता येतो. नद्यांच्या संगमाजवळ वसलेले हे गाव या प्रदेशातल्या जुन्या संपत्तीची साक्ष आहे.

११.
हीरशाहाच्या नावावर सांगितली जाणारी एक गोष्ट मात्र दरवाजांपेक्षाही मोलाची आहे. जंगल तोडून जो शेती वसवील, त्याला ती जमीन. आणि जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन. लूसी स्मिथच्या अहवालात आलेली ही परंपरा नेमकी किती जुनी, हा प्रश्न वेगळा. परंतु तिच्यातला विचार लक्षणीय आहे. येथे जमिनीचे माप दोरीने किंवा काठीने झाले नाही, ते पाण्याने झाले. तलाव जितका चांगला, तितकी मालकी मोठी. बांधणाऱ्याच्या हितातच तलाव टिकवण्याची हमी होती.

१२.
या धोरणाचे फळ पाहायचे असेल, तर शहराबाहेर पडावे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, तिकडे आरमोरी, कुरखेडा: धानाच्या या पट्ट्यात गावागणिक तलाव दिसतो. कोहळी समाजाचा तलावबांधणीत हातखंडा होता. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देई आणि पाटांतून ते बांधीबांधीत पोहोचे. ब्रिटिश काळात गावाचा मालगुजार तलावाची देखरेख करी, म्हणून हे ‘मालगुजारी तलाव’. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, हे नाव मिळाले. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे.

१३.
मालगुजारी जाणे न्यायाचेच होते. पण तलावातला गाळ कोणी काढायचा, पाट कोणी साफ करायचे, हे काम त्याबरोबर पोरके झाले. आज अनेक मामा तलाव गाळाने उथळ आणि अतिक्रमणाने लहान झाले आहेत. तलावाकडे ‘स्थळ’ म्हणून पाहणाऱ्याला बदके आणि कमळे दिसतील. जरा थांबल्यास सांडव्याचे दगडही दिसतील, आणि पाण्याची वाटणी कशी ठरत होती हे गावातली म्हातारी माणसे सांगतील. ब्रिटिश अमदानीच्या अखेरच्या दशकांत उभे राहिलेले घोडाझरी, आसोलामेंढा, नलेश्वर हे मोठे जलाशय याच परंपरेच्या शेजारी येऊन बसले. आज तेथे सहली जातात.

१४.
आता पुन्हा शहरात. रामाळा तलाव हा चंद्रपूरचा खरा ‘किनारा’ म्हणावा लागेल. संध्याकाळी शहर तेथे वाऱ्याला येते. तलावाचे नाव रामशाह राजाशी जोडले जाते. या तलावाचे पाणी मातीच्या नळांतून शहरात खेळवले जाई, असे सांगतात. शहराजवळच जंगलाच्या कडेला जुनोना तलाव आहे. तेथेही गोंडकालीन वाड्याच्या अवशेषांची नोंद आहे. राजे उन्हाळ्यात तेथे येत असावेत, असे स्थळ पाहताच वाटते. एक तलाव प्रजेच्या घागरीसाठी, दुसरा विसाव्यासाठी. उन्हाळ्याला तोंड देण्याच्या या दोन तऱ्हा एकाच सकाळ-संध्याकाळीत पाहून होतात.

१५.
रामशाहाचे नाव आले की राणी हिराईचे नाव घ्यावेच लागते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा पती बीरशाह याचा खून झाला. पुत्र नव्हता. राणीने लहान रामशाहाला दत्तक घेतले आणि कारभार स्वतः सांभाळला. अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली सर्वांत भव्य समाधी तिने पतीसाठी उभारली. घुमट, कमानी आणि चौथरा यांतून मुसलमानी स्थापत्याची छाप दिसते, तर जवळच्याच मंदिरावर देवादिकांचे शिल्पपट्ट आहेत. त्या काळच्या कारागिरांना आणि त्यांच्या राणीला यात काही विसंगत वाटले नसावे.

१६.
महाकालीच्या देवळाची उभारणीही हिराईच्याच नावावर आहे. चैत्रात येथे मोठी यात्रा भरते. नांदेड, परभणीकडचे आणि तेलंगणातले भाविक भर उन्हात, अनेकदा पायी, येतात. देवीच्या दर्शनाआधी झरपटीत स्नान करण्याची रीत आहे. हीच ती नदी, जिच्या पात्रातल्या पाण्याने राजा बरा झाला अशी कथा सांगितली जाते. आज शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी यांनी ती कोंडली आहे. श्रद्धेने नदी पवित्र मानणे आणि तिला नाल्याच्या अवस्थेला नेणे, दोन्ही गोष्टी एकाच काठावर शेजारी शेजारी चालू आहेत. यात्रा पाहणाऱ्याने नदीही पाहावी.

१७.
शहराच्या दक्षिणेस लालपेठ भागात उघड्यावर पडलेल्या प्रचंड शिळा हे चंद्रपूरचे सर्वांत विलक्षण दृश्य. दशमुखी दुर्गा, गणपती, नंदी, शिवलिंग: सर्व अखंड पाषाणात कोरलेले. दुर्गेची शिळा सुमारे २६ फूट लांब आहे. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याने शिवमंदिरासाठी ही शिल्पे घडवून घेतली आणि मंदिर होण्याआधीच तो वारला, अशी परंपरा आहे. देवळाविना देव राहिले. राजांनी बांधलेल्या शहरात एका व्यापाऱ्याची ही अपुरी इच्छा आहे. व्यापारी पैसा किती होता आणि त्याची महत्त्वाकांक्षा कोठवर जात होती, याचे असे मोजमाप दुसरीकडे मिळत नाही.

१८.
१७५१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला आणि गोंड राज्य संपले. अखेरचा राजा नीलकंठशाह. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल ॲडम्सच्या नेतृत्वाखाली इंग्रज फौज तटाशी आली. किल्लेदार गंगासिंह लढला. तोफांनी तटाला खिंडार पाडून २० मे रोजी शहर सर करण्यात आले आणि गंगासिंह पडला. नद्या आटलेल्या असताना, ऐन मे महिन्यात हा वेढा पडला. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेला हा तट गाठणे वेगळीच गोष्ट झाली असती. येथील लढाया ऋतू विचारून केल्या जात.

१९.
चाळीस वर्षांनी, १८५८ मध्ये, बाबूराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने आदिवासींची आणि रोहिल्यांची फौज उभी करून इंग्रजांना काही महिने हैराण केले. एप्रिलमध्ये प्राणहितेच्या काठावर तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. अखेर त्यांना पकडण्यात आले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. हे कारागृह म्हणजेच गोंड राजांचा जुना बालेकिल्ला. ज्या भिंतींनी राजा सांभाळला, त्याच भिंतींच्या आत त्या राज्याचा वारस म्हणावा असा वीर मारला गेला. दरवर्षी त्या दिवशी लोक तेथे अभिवादनाला जमतात.

२०.
वायव्येस भद्रावती, जुने भांदक. विजासन टेकडीत बौद्ध लेणे आहे: समोर एक लांब दालन आणि त्याला काटकोनात दोन्ही बाजूंना फुटलेली दालने, प्रत्येकाच्या टोकाशी आसनस्थ बुद्ध. मुख्य दालनात बाहेरचा प्रकाश थेट मूर्तीपर्यंत जातो आणि बाहेर कितीही ऊन असले तरी आत गारवा असतो. गावातल्या डोलारा तलावात बेटाकडे नेणारा दगडी खांबांचा प्राचीन पूल आहे. सातव्या शतकातल्या ह्युएन त्संगने वर्णिलेल्या कोसल देशाची राजधानी येथेच असावी, असा तर्क अलेक्झांडर कनिंगहॅमने मांडला होता. तो सर्वमान्य झाला नाही. पण बौद्ध लेणे, भद्रनागाचे देऊळ आणि पार्श्वनाथाचे जैन तीर्थ एकाच गावात असणे हेच पुरेसे बोलके आहे.

२१.
पूर्वेस, गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीजवळ मार्कंडा. वैनगंगा दक्षिणेकडे वाहता वाहता येथे वळण घेऊन उत्तरेकडे जाते. उत्तरवाहिनी नदीचा काठ पवित्र मानण्याची परंपरा आहे आणि त्या वळणावरच पूर्वमध्ययुगात देवळांचा समूह उभा राहिला. कनिंगहॅमने त्यांतल्या शिल्पांची तुलना खजुराहोशी केली. मुख्य देवळावर वीज कोसळून शिखराचा भाग ढासळला आणि गोंड राजवटीत त्याला टेकू देऊन सावरण्यात आले, असे सांगतात. कलाकुसरीच्या खांबांशेजारी ओबडधोबड आधारखांब उभे आहेत. कलेच्या दृष्टीने ते बेढब असतील, परंतु एका राजवटीने आधीच्या राजवटीचे देऊळ पडू दिले नाही, ही नोंद त्या बेढब खांबांवरच आहे.

२२.
मार्कंड्याच्या मुख्य देवळाचा जीर्णोद्धार अलीकडच्या काळात सुरू झाला, दगड उतरवले गेले आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळले. महाशिवरात्रीच्या यात्रेला येणारे भाविक अर्धे उकललेले देऊळ पाहून परतत राहिले. गोंडांनी टेकू लावला तेव्हा त्यांच्याकडे पुरातत्त्वशास्त्र नव्हते. आज शास्त्र आहे, कायदा आहे, खाते आहे. देऊळ कोणत्या काळात अधिक सुरक्षित होते, हा प्रश्न अशा वेळी अनुचित म्हणता येत नाही.

२३.
आणखी दक्षिणेस वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते. चंद्रपूरच्या झरपटीतले पाणी याच वाटेने बंगालच्या उपसागराला पोहोचते. समुद्राशी या प्रदेशाचे नाते एवढेच. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी यांचा संगम आहे. सिरोंचा परिसरातल्या खडकांत डायनासोरच्या काळातले जीवाश्म सापडतात. वडधमचे जीवाश्म उद्यान त्यासाठीच आहे. ज्या प्राचीन महाखंडाला भूशास्त्राने ‘गोंडवन’ म्हटले, त्याचे नाव गोंडांच्या देशावरून आले. त्या काळच्या दलदलीतल्या वनस्पती गाडल्या जाऊन तयार झालेला कोळसा आज चंद्रपूरच्या पोटात आहे.

२४.
कोळशाने या प्रदेशाचे पाणी पुन्हा वाटून घेतले. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली, मागोमाग रेल्वे आली. १९८० च्या दशकात शहराच्या उत्तरेला औष्णिक विद्युत केंद्र उभे राहिले आणि त्याच्या गरजेसाठी इरईवर धरण झाले. महाराष्ट्राच्या दूरच्या शहरांतले पंखे आणि वातानुकूलन यंत्रे ज्या विजेवर चालतात, तिचा एक वाटा देशातल्या सर्वांत तप्त शहरांपैकी एकात तयार होतो. खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर नदीकाठी साचले, इरईचे पात्र अरुंद झाले आणि २००६, २०१३, २०२२ मध्ये पुराचे पाणी वस्त्यांत शिरले. पठाणपुरा दरवाजाबाहेरचा रस्ता अशा वेळी पाण्याखाली जातो.

२५.
मग परकोटाचे काय? बराच काळ त्यावर झाडेझुडपे माजली होती, बुरुजांवर कचरा होता. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी पुरातत्त्व खात्याच्या सहकार्याने रोज सकाळी तट स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले. सलग दोनशे दिवसांहून अधिक काळ ते चालले. त्यानंतर तटावरून वारसा-फेऱ्या सुरू झाल्या. २०२१ मध्ये रामाळा तलावाच्या स्वच्छतेसाठी शहरात उपोषण झाले, तेव्हा कोठे गाळ काढण्याच्या हालचालींना वेग आला. ही दोन कामे वेगवेगळी दिसतात. पण तट आणि तलाव एकाच व्यवस्थेचे भाग होते, हे ज्यांनी ओळखले, त्यांनीच दोन्ही हाती घेतली.

२६.
याच्या विरुद्ध बाजूस जटपुरा दरवाजा आहे. शहर तटाबाहेर पसरले, पण आतल्या बाजारपेठेची वाट अजून याच कमानीतून जाते आणि सकाळ-संध्याकाळ तेथे वाहने तुंबतात. तटाला खिंडार पाडून रस्ता रुंद करावा की वारसा जपावा, हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. ज्यांना रोज त्या कोंडीत अर्धा तास काढावा लागतो, त्यांची तक्रार खोटी नाही. मात्र तटाचा एक भाग जाणे म्हणजे निव्वळ जुने दगड जाणे, असे समजू नये. नदीला अडवणारी रेषा त्याच ठिकाणी तुटते. या बाबतीत पूर कोणाचेही मत विचारात घेत नाही.

२७.
चंद्रपूर पाहायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी बगड खिडकीजवळ तटावर चढून फेरी घ्यावी, उन्हाआधी अंचलेश्वर आणि समाध्या, मग महाकाली, लालपेठच्या शिळा, संध्याकाळी रामाळा. दुसरा दिवस भद्रावती किंवा बल्लारपूरला, तिसरा मार्कंड्याला द्यावा. ताडोबाही अवश्य पाहावा. १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या त्या जंगलाचे हृदयही एक तलावच आहे, आणि त्याच्या काठी आदिवासींच्या तारू देवाचे ठाणे आहे. ज्याला शक्य असेल त्याने एकदा भर पावसाळ्यात पठाणपुरा दरवाजाच्या माथ्याशी उभे राहून बाहेर पाहावे. सशाची कथा तेथे आठवत नाही. तट तेथेच का वळला, ते समोरचे पाणी दाखवते.